हुकल्यानं ओतलेलं वजन

द्रेनोवा गावात रातोमीरला त्याच्या नावानं हाक मारणारी मोजून तीन माणसं होती: त्याची बायको मिलुन्का, त्याच्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला, म्हणून त्याचा 'कूम' झालेला दोब्रिवोय आणि चर्चचे फादर गाव्रिलो. बाकी गाव त्याला हुकल्या म्हणायचं.

नाव उगाच पडलं नव्हतं. रातोमीरच्या डोक्यात सदा काहीतरी शिजत असायचं. ओढ्यावर पाणचक्की बसवून गोठ्यात दिवा लावायचा, आपोआप उघडझाप करणारं कोंबड्यांच्या खुराड्याचं दार बनवायचं, प्लम वाळवायची भट्टी बांधायची. एकदा कल्पना सुचली की त्याचे डोळे लकाकायला लागत, जेवणावरून लक्ष उडे, आणि ओलं सिमेंट असो की गरम जोड, सुकायच्या आत तो वापरून बघे. पाणचक्की पहिल्याच पावसात वाहून गेली. दार उघडायचं, पण मिटायचं नाही, मग कोल्ह्यानं काय केलं ते सांगायलाच नको. भट्टी तर प्लमसकट कोसळली. दरवेळी रातोमीर टोपी मागे सारून म्हणायचा, "थोडक्यात हुकलं बघा!" आणि खरोखर मनापासून म्हणायचा. म्हणून हुकल्या.

त्या वर्षी वसंतात त्यानं आणि कूमनं मिळून आपल्या जुन्या तांबड्या ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवला. भंगारातले पाईप, एका मोडक्या ट्रकचे हायड्रॉलिकचे नळे, दोघांची वेल्डिंगची हौस. लोडर झाला मात्र झकास. जूनमध्ये गवताचे गोल गठ्ठे उचलायची वेळ आली तेव्हा रातोमीर लग्नाला निघाल्यासारखा पांढरा शर्ट घालून सीटवर बसला.

रान उतारावरचं. ट्रॅक्टरचं तोंड खालच्या बाजूला. त्यानं गठ्ठ्याखाली लोडरचे दात घातले आणि सीटशेजारचा दांडा ओढला. गठ्ठा उचलला गेला, छातीएवढा, डोक्याएवढा. रातोमीर खूश होऊन मागे वळून कूमला काही सांगणार, तेवढ्यात त्याच्या बुडाखालचा ट्रॅक्टर हळूच वर आला. मागची दोन्ही मोठी चाकं जमिनीपासून सुटली. आणि ब्रेक तर मागच्या चाकांनाच!

ट्रॅक्टर पुढच्या दोन छोट्या चाकांवर उतारानं निघाला. रातोमीर ब्रेक दाबतोय, मागची चाकं हवेत थबकलीयत, पण ट्रॅक्टर कुठला थांबायला. समोर मिलुन्काचा मिरच्यांचा वाफा, त्यात वाकून मिलुन्का.

"मिलुन्का! पळ!"

तिनं वर पाहिलं, आणि कधी नव्हे ती एका शब्दात ऐकून उडी मारून बाजूला झाली. रातोमीरनं दांडा सोडला. गठ्ठा धप्पकन खाली आला, ट्रॅक्टरचं बूड त्याहून मोठा आवाज करत आपटलं, आणि सगळं थांबलं, मिरच्यांच्या पहिल्या दोन सऱ्या आडव्या करून.

मग रातोमीर टोपी मागे सारत म्हणाला, "थोडक्यात..."

"म्हणून तर बघ तू!" मिलुन्का ओरडली. "म्हणून तर बघ ते! पुन्हा त्या यंत्राला हात लावलास तर मी माहेरी जाईन आणि कोंबड्यापण घेऊन जाईन!"

संध्याकाळी कूम आणि तो अंगणात राकिया, म्हणजे प्लमची घरची दारू, घेत बसले. कूम दोब्रिवोय म्हणजे अंगानं भरलेला, बोलायला संथ माणूस. त्यानं बराच विचार करून सांगितलं, "मागं हलकं आहे. मागं वजन पाहिजे."

"तू उभा राहा ना मागं," मिलुन्का आतून म्हणाली. "तुझं पोट कुठं वाया चाललंय नाहीतरी."

ती चिडून बोलली होती. पण दुसऱ्या दिवशी ती बाजाराला गेल्यावर या दोघांनी तेही करून पाहिलं. कूम मागच्या लिफ्टच्या, म्हणजे नांगर अडकवायच्या, लोखंडी हातांवर उभा राहिला, सीट धरून. पहिल्याच गठ्ठ्याला तो एवढा वर गेला की उतरताना कंबर धरून बसला, आणि पुढचा आठवडाभर कंबर धरूनच चालला.

तेव्हा रातोमीरच्या डोळ्यांत ती लकाकी आली. "ओतायचं," तो म्हणाला. "कूम, सिमेंटचं वजन ओतायचं. सहा क्विंटलचा ठोकळा. मागच्या लिफ्टला अडकवायचा. नांगर अडकवतो तसा."

कूमनं नुसती कंबर चोळली.

कदाचित ती कल्पनाही राकियाबरोबर विरून गेली असती. पण मध्येच घंटेचा विषय निघाला.

गावच्या चर्चची घंटा आदल्या हिवाळ्यात तडकली होती. वाजवली की भांडं पडल्यासारखा आवाज यायचा. मेरीमातेच्या जन्माचा सण म्हणजे गावची मोठी जत्रा, ती सप्टेंबरात. त्याआधी नवी घंटा येणार होती, अडीच क्विंटलची. ती चर्चच्या अंगणातल्या ओकच्या लाकडी चौकटीत, वरच्या तुळईला टांगायची. क्रेनवाला येऊन बघून गेला आणि मान हलवली. चर्चकडे जायला ओढ्यावर एकच पूल, तोही लाकडी. त्यावरून क्रेन घालणं म्हणजे क्रेनही ओढ्यात आणि पूलही.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे लिंडेनच्या झाडाखाली जमले. कुणी म्हणालं दोर लावून ओढू. पण मागच्या खेपेला, रातोमीरच्या आजोबांच्या वेळी, असाच दोर सुटून एकाचा पाय मोडला होता, ती गोष्ट प्रत्येकाला ठाऊक होती.

"मी उचलतो," रातोमीर म्हणाला.

हे शब्द त्याच्या तोंडून कसे निघाले हे त्याचं त्यालाही कळलं नाही. आणि हसण्याचा असा फवारा उडाला की झाडावरची पाखरं उडाली.

"हुकल्या, घंटा आकाशात उडवशील बाबा!"

"आणि स्वतः तिच्या मागं जाशील!"

फादर गाव्रिलो हसले नाहीत. म्हातारे फादर दाढीतून बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "लोडर चांगला आहे तुझा, रातोमीर. मी पाहिलाय. पण त्याचं बूड जागेवर राहायला हवं."

"राहील फादर. ओततोय मी."

"सणाच्या आधी मला गठ्ठा उचलून दाखव. उतारावर. मग बोलू."

घराच्या कुंपणापाशी आल्यावर मिलुन्का म्हणाली, "देवाच्या दारात शब्द दिलास. आता नीट कर."

रातोमीर दुसऱ्याच दिवशी पहाटे उठला. जुन्या भट्टीच्या फळ्या पडूनच होत्या, त्या त्यानं शटरिंगला, म्हणजे ओतायच्या साच्याला, काढल्या, रंधा मारला, सिमेंट चिकटू नये म्हणून जळकं ऑईल लावलं. ट्रकचा जाड दांडा कूमनं आणला. तो ठोकळ्यातून आरपार जाणार, त्याची दोन टोकं बाहेर राहणार आणि लिफ्टचे दोन हात त्यांत अडकणार. वर टॉप लिंकसाठी, म्हणजे लिफ्टच्या वरच्या तिसऱ्या हातासाठी, भोकं पाडलेल्या दोन पट्ट्या. दांडा, पट्ट्या आणि सळ्यांचा पिंजरा सगळं एकमेकांना वेल्ड केलं. मग भंगार. नांगराचे झिजलेले फाळ, तुटक्या साखळ्या, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, मिलुन्काच्या आजीची तडा गेलेली इस्त्री.

"ही कशाला?" मिलुन्कानं विचारलं.

"वजनाला."

"आजी होती तेव्हाही वजनदारच होती," ती म्हणाली आणि इस्त्री स्वतःच्या हातानं पिंजऱ्यात ठेवली.

ओतायचा दिवस आला तेव्हा अंगणात प्लम आंबवलेल्या पिंपांचा वास भरला होता. कोठाराच्या दगडी भिंतीला एक बाजू टेकवून शटरिंग उभं केलं होतं. उरलेल्या बाजूंना टेकू. कूमचा मिक्सर धडधडायला लागला. नदीची वाळू, खडी, सिमेंट, पाणी. घमेल्यामागून घमेलं. रातोमीर वर चढून सळईनं सिमेंट ठोसत होता, पोकळी राहू नये म्हणून. घामानं निथळत होता आणि मोठ्यानं गात होता. अर्धं झालं. पाऊण झालं. काठापर्यंत फक्त वीतभर उरलं.

आणि कर्रर्र असा आवाज आला.

बाहेरच्या बाजूच्या फळ्या फुगायला लागल्या होत्या. मधला टेकू सरकला, फळ्यांमधून करडं पाणी चिळकांडीसारखं उडालं. रातोमीरनं उडी मारली आणि पाठ लावून फळ्यांना रेटा दिला.

"कूम! मिक्सर सोड! इकडे!"

कूमनंही खांदा लावला. दोघांचे पाय मातीत घसरत होते. आत सहा क्विंटल ओलं सिमेंट, बाहेर दोन माणसं.

"आता?" कूम दात खात म्हणाला.

"धर... धर नुसतं..."

"किती वेळ धरू रे? सुकेपर्यंत?"

रातोमीरला वाटलं, झालं. पुन्हा तेच. घंटा, फादर, हसणारं गाव, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. तेवढ्यात ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. त्यानं मान वळवली तर मिलुन्का सीटवर. स्वयंपाकाचा एप्रन, डोक्याला रुमाल, एका पायात चप्पल.

"अगं काय करतेस? तुला चालवता येतं का?"

"वीस वर्षं बघतेय तुला! सरका बाजूला, नाहीतर तुम्हालाच दाबीन!"

गियर किंचाळला. ट्रॅक्टर दोन झटके देत पुढे आला. दोघं दोन बाजूंना उडाले, फळी आणखी बोटभर फुगली, आणि नेमक्या त्या क्षणी मिलुन्कानं लोडरला वाळू वाहायला लावलेली रुंद बकेट फळ्यांवर अलगद टेकवली. अंगावर गोधडी घालावी इतकी अलगद. मग जरा पुढे, अजून जरा. फळ्या कुरकुरल्या. पाणी गळायचं थांबलं.

तिनं ब्रेक लावला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरली. तिच्या चेहऱ्यावर असं काही हसू होतं की रातोमीरनं ते लग्नाच्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं.

"बघत काय उभे राहिलात?" ती म्हणाली. "वरची वीत भरायचीय ना अजून?"

त्यांनी ती भरली. मग रातोमीरनं बायकोला उचलून अंगणभर फिरवली, आणि ती त्याला सिमेंटनं माखलेल्या हातांनी मारत राहिली.

फळ्या सोडवल्या तेव्हा ठोकळ्याला त्या बाजूनं चांगलं गोल पोट आलेलं होतं. मिलुन्कानं आधी ठोकळ्याकडे पाहिलं, मग कूमकडे. "कुणावर गेलाय ते विचारायला नको," ती म्हणाली. कूमही हसला. दांड्याची टोकं आणि वरच्या पट्ट्या मोकळ्याच होत्या, त्यामुळे काही बिघडत नव्हतं.

खरी परीक्षा पुढेच होती, ती म्हणजे थांबण्याची. रातोमीर रोज सकाळ-संध्याकाळ ठोकळ्यावर गोणपाट टाकून पाणी मारी. मधूनच जाऊन बोटानं टकटक करून बघे. पहिला आठवडा संपायच्या आतच त्याच्या हाताला खाज सुटली.

"आता कडक झालंय बघ. आवाज ऐक. नुसतं जरासं उचलून बघतो."

मिलुन्कानं एप्रनच्या खिशावर थाप मारली. आत किल्ली वाजली. "ट्रॅक्टरची किल्ली माझ्याकडे आहे. मी देईन तेव्हा मिळेल."

"अगं पण..."

"भट्टी. खुराडं. पाणचक्की. अजून सांगू?"

तो चिडला, रुसला, एक दिवस तर कूमकडे जेवायला गेला. पण तिनं किल्ली दिली नाही. सणाला थोडे दिवस उरले तेव्हा एका सकाळी कॉफीच्या पेल्याशेजारी किल्ली ठेवलेली होती. रातोमीरनं कॉफीला हातही लावला नाही.

ठरल्याप्रमाणे बघायला फादर गाव्रिलो स्वतः चालत आले. रातोमीरनं ट्रॅक्टर मागे घेतला, लिफ्टचे दोन हात दांड्याच्या टोकांवर चढवले, पिना घातल्या, वर टॉप लिंक ताणून बसवली. मग त्यानं सीटवर बसून लिफ्टचा दांडा ओढला. हायड्रॉलिक गुरगुरलं, कण्हलं, ट्रॅक्टरचं नाक जरासं वर झालं. ठोकळा हलेना.

"हुकलं?" कूमनं हळूच विचारलं.

"गप्प बैस. खालची फळी धरून बसलाय." रातोमीरनं दांडा खाली केला. "हातोडा घे. खालच्या फळीला मार."

कूमनं मोठा हातोडा घेऊन एक घाव घातला, दुसरा घातला. रातोमीरनं पुन्हा दांडा ओढला. फाटकन आवाज होऊन ठोकळा सुटला आणि वर आला, हळूहळू, अगदी खानदानी थाटात, आणि घोट्याएवढ्या उंचीवर झुलत राहिला.

त्यानंतर तोच उतार, तसाच गठ्ठा. या वेळी मिरच्यांच्या वाफ्यात कुणीही नव्हतं. गठ्ठा छातीएवढा झाला, डोक्याएवढा झाला. रातोमीरचं लक्ष सगळं बुडाखाली. मागची चाकं मातीत घट्ट. त्यानं गठ्ठा अजून वर नेला, थोडं पुढे गेला, ब्रेक दाबला. ट्रॅक्टर उतारावर जागच्या जागी उभा राहिला, सुताराच्या टेबलासारखा.

रातोमीरच्या तोंडून जी आरोळी निघाली ती पलीकडच्या डोंगरावर ऐकू गेली म्हणतात. टोपी हवेत उडाली ती परत सापडलीच नाही. फादर गाव्रिलोंनी छातीवर क्रॉसची खूण केली आणि म्हणाले, "घंटा तुझी."

सणाच्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं होतं. चर्चच्या अंगणात लांबलचक टेबलं मांडून बायका ताटं लावत होत्या. ओकच्या जाड फळ्या, त्यांवर पांढऱ्या चादरी, कोबीच्या पानात खिमा गुंडाळलेला सार्मा, भाजलेलं कोकरू, दाट सायीचं कायमाक, मक्याची गरम पावरोटी. पुलाशी सगळं गाव उभं. घंटा पलीकडे गाडीतून उतरवली होती, नव्या पितळेची, बघताना डोळे दिपत. ती लोडरवर लाकडी पाटावर बसवली आणि दोरांनी बांधली.

पूल ओलांडताना रातोमीरनं गियर सगळ्यात खालचा टाकला. खाली फळ्या एकेक करून करकरत होत्या. पुढे घंटा, मागे ठोकळा, मध्ये तो. कुणी श्वास घेत नव्हतं. पुढची चाकं चर्चच्या बाजूच्या मातीला लागली तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली आणि शेजारणीनं त्याच्या हातावर चापट मारली.

लाकडी चौकटीपाशी तो थांबला. घंटा वर, वर, आणखी वर. मागे कूम जमिनीवर उकिडवा बसून चाकांवर नजर ठेवून होता. "घट्ट!" तो ओरडत होता. "चाकं घट्ट! ने वर!"

लोडर शेवटपर्यंत गेला. घंटेच्या माथ्याची कडी आणि तुळईचा आकडा यांत वीतभर अंतर उरलं.

वीतभर.

"हुकल्या!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. यात टोमणा नव्हता, उलट हळहळच होती. आणि तेच रातोमीरला जास्त लागलं. त्याचे कान गरम झाले. त्यानं घंटेकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं, मग ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांकडे.

"वीतभर उचलायचंय नाक," तो मोठ्यानं म्हणाला. "ट्रॅक्टरचं नाक वीतभर वर हवंय. जाड फळ्या द्या कुणीतरी!"

सगळे इकडे तिकडे बघायला लागले. मिलुन्कानं टेबलांकडे पाहिलं.

"ताटं उचला!" ती गरजली. "बायांनो, ताटं उचला! सगळं गवतावर!"

एका क्षणात सार्मा, कोकरू, पेले, सगळं गवतावर गेलं. चादरी ओढल्या गेल्या. ओकच्या फळ्या चौघाचौघांनी उचलून आणल्या. रातोमीरनं घंटा खाली घेतली, ट्रॅक्टर मागे घेतला. फळ्या एकावर एक रचल्या, चाकं चढायला एक फळी उतरती टेकवली. मग तो अंगुळ अंगुळ पुढे सरकला. पुढची चाकं फळ्यांवर चढली, ट्रॅक्टरचं नाक आकाशाकडे झालं, ठोकळ्याचं पोट जमिनीच्या अगदी जवळ आलं.

"टेकत नाही!" कूम ओरडला. "दोन बोटं आहेत अजून! थांब तिथंच!"

घंटा पुन्हा वर निघाली. कडी आकड्यापाशी आली, पुढे सरकली, जरा मागे, आणि शिडीवर चढलेल्या फादरच्या पुतण्यानं बोल्ट आरपार घातला, नट आवळला, दुसरा आवळला.

"बसला!"

पुतण्यानं घंटेचे दोर सोडले आणि रातोमीरनं लोडर खाली घेतला. घंटा हवेत राहिली, आपल्या तुळईला लटकत. कूमनं आत लोलक अडकवला. फादर गाव्रिलोंनी प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं आणि दोर रातोमीरपुढे धरला. "ओढ."

रातोमीर सीटवरून उतरला, पण त्याची बोटं दांडा धरून धरून इतकी आकडली होती की दोर मुठीत येईना. मग मिलुन्कानं त्याच्या मुठीवर आपले दोन्ही हात ठेवले, आणि दोघांनी मिळून ओढला. घंटेचा आवाज खोलवर घुमला, दरीत उतरला, पलीकडच्या कड्यावर आपटून परत आला. बायका रडायला लागल्या, पुरुष नाक शिंकरायला लागले.

टेबलाच्या फळ्या अजून ट्रॅक्टरखालीच होत्या, तेव्हा सगळ्यांनी गवतावर मांडी घालूनच जेवण केलं. फादरच्या झग्याला कायमाक लागलं. कूमनं तीनदा सार्मा घेतला.

रातोमीरनं ताटातला पहिला घास उचलायच्या आत पलीकडच्या गावचा एक अनोळखी माणूस ठोकळ्यापाशी जाऊन वाकलेला दिसला. त्यानं बोटानं टकटक केलं, दांड्याचं टोक चाचपलं, पोटावरून हात फिरवला.

"ओ मिस्त्री," त्यानं हाक मारली. "माझ्याकडेपण लोडर आहे. वाळू किती घातलीत?"

"जेव आधी," मिलुन्का रातोमीरला म्हणाली.

पण तोवर रातोमीर हातात कोकराचा तुकडा घेऊन उठलाच होता. "वाळू नंतर," तो चालता चालता म्हणत होता. "आधी टेकू बघायचे. मधला टेकू दुप्पट जाड घ्यायचा, ऐका माझं..."